लाल ठिपक्याचा ग्लास

नेलपॉलिश लावायची माझी आयुष्यातली ती पहिलीच वेळ, आणि तीसुद्धा चर्चमध्ये.

माझं वय तेव्हा बासष्ट. मिशनच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. वेस्ट्रीत, म्हणजे पाळकसाहेबांचा झगा टांगायच्या खोलीत, मी दाराला आतून कडी घालून बसलो होतो. समोर टेबलावर प्रभुभोजनाचा द्राक्षरस द्यायचे नवेकोरे छत्तीस ग्लास, एकेक अंगठ्याएवढा. शेजारी सुनेच्या आरशासमोरून न विचारता उचललेली लाल बाटली. छत्तिसांपैकी एका ग्लासाच्या अंगावर ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका द्यायचा होता. ब्रश जरा जास्त टेकला आणि ज्वारीचा हरभरा झाला. मी फुंकर मारून तो वाळवत होतो तेवढ्यात दार वाजलं.

"गुर्जी, बोलावलं व्हतं?"

बाहेर राहेलबाई उभी होती. राहेलबाई पाटोळे ही आमच्या बेलपाथरीच्या चर्चची सेवेकरी. झाडलोट करणं, घंटा वाजवणं, प्रभुभोजनाची भांडी घासणं ही तिची कामं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी सासरी. त्या हिवाळ्यात तिला टीबी निघाला होता. एक दिवसाआड उपकेंद्रात जाऊन सिस्टरबाईंच्या समोर गोळ्या गिळायच्या, असं तिचं चाललं होतं. तीन महिने झाले होते.

मी घसा साफ केला. निवृत्त मुख्याध्यापक घसा साफ केल्याशिवाय काहीच बोलत नाही.

"राहेलबाई, ह्या रविवारपासून आपण चांदीचा मोठा प्याला बंद करतोय. प्रत्येकाला वेगळा ग्लास. आरोग्याच्या दृष्टीने."

"बरं."

"आणि हा," मी ठिपक्याचा ग्लास पुढे केला, "हा तुमचा. ट्रेमध्ये एका कोपऱ्यात असेल. तुम्ही तेवढा हाच घ्यायचा. दुसरा नाही."

तिने ग्लास हातात घेतला नाही, नुसता बघितला.

"आन् उपासना झाल्यावर?"

"वेगळा ठेवायचा. बाकीच्यांत मिसळायचा नाही. तिथं खिडकीत ठेवा."

"आन् बाकीचे पस्तीस कुनी धुवायचे?"

"तुम्हीच," मी म्हणालो. "नेहमीसारखे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि झाडू उचलून गेली. पस्तीस ग्लास ज्या हातांनी धुवायचे त्याच हातांसाठी मी छत्तिसावा वेगळा काढला होता. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. माझं सगळं ध्यान तेव्हा राष्ट्रीय पातळीवर लागलेलं होतं.

त्याचं असं झालं होतं. सरकारने नव्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता आणि हरकती-सूचना मागवल्या होत्या. डायोसिसच्या, म्हणजे आमच्या धर्मप्रांताच्या, कार्यालयाने गावोगावच्या मंडळ्यांना पत्र पाठवलं की, या धोरणाकडे ख्रिस्ती माणूस कसा बघतो ते कळवावं. आमच्या पाळकसाहेबांनी, रेव्हरंड दीनबंधू साबळे यांनी, ते पत्र चर्चमध्ये वाचून दाखवलं आणि विचारलं, "कोण लिहील?" मी उठून उभा राहिलो. नंतर कळलं की दुसरं कुणी हात वर करणारच नव्हतं, तेव्हा उठायची तशी काही घाई नव्हती.

आणि मग मी लिहायला बसलो. आमच्या भागातल्या लोकांना सुईला, औषधाला, बाळंतपणाला मिशनच्या दवाखान्यांचा केवढा आधार होता, ते मला माहीत होतं. तेव्हा सरकारला दोन गोष्टी सांगायचा आपला हक्कच आहे, असं माझं मत. सात फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी, चौदा पानं. कलमवार. कलम चारमध्ये मी लिहिलं होतं की रोग्याला वस्तीबाहेर ठेवून साथ आटोक्यात आणायचा नियम मोशेच्या काळापासून आपल्याकडे आहे आणि सरकारने त्यातून बोध घ्यावा. कलम पाचमध्ये लिहिलं होतं की प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं आणि सरकारने त्यातूनही बोध घ्यावा. दोन्ही कलमं एकाच कागदाच्या पाठपोट बाजूंवर आली होती, आणि एका बाजूचं दुसऱ्या बाजूला काही कळत नव्हतं. पण पहिल्या पानावर माझा विशेष जीव होता. पहिल्या पानावर माझे आजोबा होते. धोरणाची सुरुवात आजोबांपासून करणारा अख्ख्या भारतात मी एकटाच असेन, असं मला वाटत होतं, आणि ते बहुधा खरंच होतं.

माझी बायको एस्तेर चौतीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. म्हणजे आरोग्याविषयी लिहिताना विचारावं असं माणूस घरातच होतं. पण ती थोरल्या मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली, आणि खरं सांगायचं तर ती नाही याचं मला बरंच वाटलं. एस्तेर माझं लिखाण वाचते तेव्हा मध्येच थांबून "म्हणजे काय?" असं विचारते. मोठ्या लिखाणाला तो प्रश्न सोसत नाही.

त्यातच चर्चच्या पंचांची सभा भरली. आमचे एक पंच जेकब शिरसाठ, पिठाची गिरणी चालवायचे. ते बसल्या बसल्याच म्हणाले, "ती राहेल खोकते. एकाच प्याल्याला सगळ्यांनी तोंड लावायचं, आणि तिनेही लावायचं? माझ्या घरात नातवंडं आहेत. तिला सांगा, बरी होईपर्यंत घरी बस."

पाळकसाहेब वयाने लहान, नुकतेच आलेले. त्यांनी छताकडे बघितलं. अडचण आली की ते छताकडे बघायचे, आणि वरून उत्तर आलं नाही की माझ्याकडे.

"सर, तुमचं काय मत? तुमचा या विषयावर अभ्यास आहे."

अभ्यास आहे म्हटल्यावर मला राहवलं नाही. मी उभा राहून म्हणालो की कुणाला घरी बसवणं ख्रिस्ती प्रीतीला धरून नाही, आणि शिरसाठांची काळजीही चुकीची नाही. तेव्हा मोठा प्याला बंद करावा, छत्तीस ग्लास आणावेत आणि राहेलबाईंचा ग्लास खूण करून ठेवावा. म्हणजे तिचंही मन राखलं आणि मंडळीचं आरोग्यही राखलं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. शिरसाठ म्हणाले, "शिकल्या-सवरल्या माणसाचं हेच असतं." मी घरी आलो तो अंगावर मूठभर मांस चढवूनच. एका गरीब विधवेला चर्चबाहेर जाण्यापासून मी वाचवलं होतं.

पहिला रविवार सुरळीत पार पडला. ठिपक्याची गोष्ट मी फक्त पंचांना सांगितली होती. पंचांनी बायकांना सांगितली, बायकांनी सगळ्यांना. आमच्या गावात सुवार्ता एवढ्या वेगाने कधी पसरली नव्हती. ट्रे बाकाबाकावरून फिरत गेला आणि तो एक ग्लास सगळ्यांना चुकवत मागे मागे गेला. राहेलबाई शेवटच्या बाकावर बसायची. तिने तो उचलला, प्याली, परत ठेवला. मान वर केली नाही. मला वाटलं, काय नम्र बाई आहे.

माझं घर उपकेंद्राच्या रस्त्यावर. लिहायचं टेबल खिडकीशी. सोमवार, बुधवार, शुक्रवार राहेलबाई नऊच्या सुमारास खिडकीवरून जायची आणि मला हाक द्यायची, "सलाम, गुर्जी." मी मान न उचलता म्हणायचो, "सलाम, राहेलबाई." त्या महिन्यात मला लिहिताना शांतता फार मिळाली. दोन आठवडे उलटल्यावर लक्षात आलं की हल्ली सलाम ऐकू येत नाही. म्हटलं, संपल्या असतील गोळ्या. बरं झालं. आणि त्याच बैठकीत मी कलम अकरा पूर्ण केलं. त्यातलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'क्षयरोगी उपचार अर्धवट का सोडतात, याची कारणे शोधण्यासाठी शासनाने तज्ज्ञांची समिती नेमावी.' वाक्याखाली रेघ मारली. पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघितलं. रस्ता मोकळा होता.

पुढच्या महिन्यात निवेदन न्यायला डायोसिसच्या आरोग्य समितीकडून डॉक्टर कुंदा मकासरे येणार असं ठरलं. पाळकसाहेबांनी सुचवलं की निवेदनाचा काही भाग उपासनेत वाचावा, मग प्रभुभोजन, मग जेवण. मी "कशाला उगाच" असं म्हणालो आणि घरी जाऊन आरशासमोर तीनदा वाचून बघितलं. त्या रविवारच्या आदल्या दिवशी एस्तेर पुण्याहून परतली.

"काय लिहिलंय एवढं?" ती म्हणाली.

"उद्या ऐकशीलच."

"मला आज दाखवलं असतंत तर?"

"उद्या," मी म्हणालो.

ठिपक्याचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मंडळीत मला भिणारं माणूस एकही नव्हतं, पण एस्तेरला सगळेच भीत.

त्या रविवारी चर्च भरलं होतं. डॉक्टरबाईंसाठी पुढे खुर्ची ठेवलेली आणि तिच्या शेजारी माझ्यासाठी दुसरी. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, पायात साध्या चपला, बोलणं कमी. मी उभा राहिलो आणि पहिलं पान वाचायला घेतलं.

आजोबांचं नाव शिमोन. बाप्तिस्म्याआधी सावळा. बाजाराच्या दिवशी ते मोळ्या घेऊन गावात यायचे. चहाच्या हॉटेलात त्यांना आत जायला मनाई होती. बाहेर वळचणीला एका खुंटीवर कान तुटलेला एक कप टांगलेला असायचा. तो आमच्या लोकांचा. तो आजोबांनीच काढायचा, आजोबांनीच धुवायचा, जमिनीवर ठेवून मागे सरायचं. हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की पुन्हा धुवून पुन्हा खुंटीला. पाणी प्यायचं तर ओंजळ धरायची, पाणी वरून पडायचं. आजोबा ख्रिस्ती झाले आणि पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसले, तेव्हा पाळक प्याला घेऊन पुढे आले, तर आजोबांनी सवयीने ओंजळ पुढे केली. पाळक थांबले. त्यांनी आजोबांचे हात धरले, ओंजळ सोडवली आणि चांदीचा प्याला त्यांच्या दोन्ही हातांत दिला. ज्याला आत्ताच दुसऱ्या कुणाचं तोंड लागलं होतं तो प्याला. आजोबा घरी आले आणि आजीला एवढंच म्हणाले, "हातात दिला गं."

इथे माझा आवाज ठरल्याप्रमाणे दाटला. आरशासमोरही दाटला होता.

"म्हणून," मी पान उलटत म्हणालो, "राष्ट्रीय आरोग्य धोरणाने नागरिकाच्या ओंजळीत सेवा ओतू नये. प्याला त्याच्या हातात द्यावा."

दोन-तीन ठिकाणांहून 'आमेन' आलं. शिरसाठांनी डोळे पुसले. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी खुर्चीत बसलो तो राजासारखा. एवढा सुखाने मी त्यानंतर कुठल्याच खुर्चीत बसलेलो नाही.

राहेलबाई तेव्हा आत होती की बाहेर घंटेपाशी, मी बघितलं नव्हतं.

मग भाकर मोडली गेली, प्रार्थना झाली, आणि पाळकसाहेब ट्रे घेऊन आधी पाहुण्यांकडे आले. पाहुणे आल्यामुळे ते गडबडलेले. ट्रे त्यांनी उलट्या बाजूने धरला होता. लाल ठिपका नेमका डॉक्टरबाईंच्या हाताशी. त्यांनी सरळ तोच उचलला.

"नको! तो नको!"

हा माझा आवाज होता. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मागच्या रांगेत कुणी बोललं की काढायचो, तो. चर्चमध्ये, प्रभुभोजनात, तो दुमदुमला. एक लहान मूल रडायला लागलं.

डॉक्टरबाईंचा हात अर्ध्यावर थांबला. "का?"

"तो... तो जरा वेगळा आहे."

"वेगळा म्हणजे?"

मी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब छताकडे बघत होते. शिरसाठ चपलेचा अंगठा तपासत होते. मी मांडीवरची चौदा पानं उगाच चाळली.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला. चपलांच्या ढिगातून आपली जोडी दाखवावी, इतका साधा.

"डाक्टरीणबाई, तेवढा ठिवा. त्यो माजा हाय. मला टीबी हाय ना."

बायकांच्या बाजूला बसलेली एस्तेर वळून आधी राहेलबाईकडे बघत होती. मग तिने हळूहळू मान फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, पण तसं तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

 डॉक्टरबाईंनी ठिपका बघितला, ग्लास ओठाला लावला, प्याल्या, परत ट्रेमध्ये ठेवला आणि डोळे मिटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं मरण अजून मागच्या बाकावर होतं.

ट्रे पुढे सरकत गेला. आज कुणाला काही चुकवायचं नव्हतं, तरी लोकांचे हात अडखळत होते. शेवटी ट्रे राहेलबाईपाशी पोचला. त्यात एकच भरलेला ग्लास उरलेला, बिनठिपक्याचा.

राहेलबाई ग्लास घेईना.

"घ्या ना," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"ह्यो माजा न्हाई," ती म्हणाली. "माजा बाईंनी घेतला. हातावर वता."

आणि तिने ओंजळ पुढे केली.

 मला माझी चौदा पानं मांडीवर जड लागायला लागली. ओंजळ चांगली घट्ट धरलेली होती, थेंब सांडू नये अशी. तिने माझं पहिलं पान ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी तिला आजतागायत विचारलेलं नाही. ऐकून धरली असेल तर ती माझ्यापेक्षा शहाणी. न ऐकता धरली असेल तर माझे आजोबा शेवटच्या बाकावर बसले होते, आणि खुंटीला कप मी टांगला होता.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा छताकडेही बघितलं नाही आणि माझ्याकडेही. त्यांनी ट्रे बाकावर ठेवला. एका हाताने राहेलबाईची ओंजळ सोडवली आणि ग्लास तिच्या हातात दिला.

उपासना संपल्यावर वेस्ट्रीत ग्लास धुवायचं काम चाललं होतं. राहेलबाई परातीत पाणी घेऊन उकिडवी बसली होती. डॉक्टरबाई तिच्यासमोर स्टुलावर. मी दारात उभा. एस्तेर ठिपक्याचा ग्लास उजेडाला धरून बघत होती.

"हा रंग ओळखीचा आहे," ती म्हणाली. "सूनबाई महिनाभर बाटली शोधतेय."

मी बगलेतली पानं सावरली.

"अहो, टीबी ग्लासातून पसरत नाही. हवेतून पसरतो. आणि औषध नीट चालू असलं की काही आठवड्यांत त्या माणसापासून फारसा धोका राहत नाही. हिला तर तेव्हा तीन महिने झाले होते. चौदा पानं लिहिलीत, आणि घरात नर्स होती!"

"तू पुण्याला होतीस," मी म्हणालो.

"पुण्यात फोन आहेत."

डॉक्टरबाईंनी राहेलबाईला विचारलं, "गोळ्या नियमित चालल्यात ना?"

"चालल्या व्हत्या. सोडल्या."

एस्तेरने ग्लास खाली ठेवला. "कधी सोडल्या?"

"ठिपका लागला तवापसून."

"सिस्टर आल्या नाहीत का घरी?"

"दोनदा आल्या. मी आतून कडी घालून गप बसले."

"पण का गं, राहेल?" एस्तेर तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "सगळं बरं चाललं होतं ना?"

राहेलबाई ग्लास विसळत राहिली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"बाई, गोळ्या काय ग्वाड असत्यात का? उलट्या काढल्या, तरी खाल्ल्या. म्हनलं, बरं व्हायाचं, पुन्यांदा समद्यांत बसायाचं. पर गुर्जींनी बोलवून सांगितलं, तुमचा येगळा. गुर्जी शिकल्यालं मानूस. ते ह्याच्यावरच लिवायला बसल्यात म्हनं, सरकारला. मंग मी म्हनलं, त्यास्नी कायतरी ठावं आसल. ह्यो रोग काय बरा व्हत नसनार माजा. मंग कशाला उगा उलट्या काडायच्या?"

मला कलम अकरा आठवलं. रेघ मारलेलं. रोगी उपचार का सोडतात हे शोधायला शासनाने समिती नेमावी. समितीची काही गरज नव्हती. कारण वेस्ट्रीच्या दारात उभं होतं, इस्त्रीच्या सदऱ्यात, बगलेत चौदा पानं धरून.

"राहेलबाई," मी म्हणालो, "मला काही ठाऊक नव्हतं. मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून असलं वाक्य बेलपाथरीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. शाळेतल्या कुणालाही विचारा.

"मंग बरी व्हनार मी?"

"होशील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण उद्यापासून खाल्ल्यास तर. मध्ये महिना गेलाय, आधी पुन्हा तपासावं लागेल. आणि आता सोडायच्या नाहीत."

"कुनाम्होरं खायाच्या? सिस्टरबाई आता वरडत्यात."

"माझ्यासमोर," मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं. पण उठून उभं राहायची सवय एवढ्यात कुठली जायला? "सिस्टरना मी सांगतो. तुम्ही तिकडे जायचं नाही, मी गोळ्या घेऊन तुमच्याकडे येईन. एक दिवसाआड."

एस्तेरने माझ्याकडे बघितलं. पहिल्यापेक्षा जरा बरं बघितलं.

निघताना डॉक्टरबाईंनी निवेदनासाठी हात पुढे केला. मी म्हणालो, "राहू द्या. हे पाठवण्याजोगं नाही."

"द्या," त्या म्हणाल्या. "आजोबा चांगले आहेत. पण आज जे झालं तेही लिहा. पंधरावं पान. टपालाने पाठवा."

ते पान लिहायला मला चौदा पानांपेक्षा जास्त दिवस लागले. या वेळी एस्तेरला आधी दाखवलं. तिने तीन ठिकाणी "म्हणजे काय?" विचारलं आणि त्या तीन ओळी मी खोडल्या. पुढे डायोसिसचं निवेदन छापून आलं, तेव्हा माझ्या चौदा पानांतलं एकही वाक्य त्यात नव्हतं, आजोबांचंही नाही. पंधरावं पान मात्र होतं, गावाचं आणि माणसांचं नाव काढून. 'एका ग्रामीण मंडळीतील सुशिक्षित गृहस्थाने', असं. राष्ट्रीय धोरणावर माझा जो काही ठसा उमटला तो एवढाच.

राहेलबाईची तपासणी झाली, तिच्या थुंकीत काही निघालं नाही. पुढच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी मी पुडी घेऊन तिच्या घरी गेलो. खोली एकच, सारवलेली. फळीवर पाहुण्यांसाठी चार कप पालथे घातलेले. आणि खिडकीत लाल ठिपक्याचा ग्लास. पंचांनी तो छत्तिसांतून काढून टाकायचं ठरवलं, तेव्हा ती म्हणाली होती, फेकू नका, मी नेते.

तिने माझ्यासमोर गोळ्या गिळल्या, एकेक करून. तोंड वाकडं केलं. मी वहीत खूण केली.

"च्या घेता का, गुर्जी?"

"घेतो."

तिने चूल पेटवली. चहा उकळला. फळीकडे हात नेला आणि मध्येच थांबली. पालथ्या कपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खिडकीतला ठिपक्याचा ग्लास उचलला, पाण्याने विसळला, त्यात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला.

अंगठ्याएवढा ग्लास. एका घोटात संपला. मी तो परत पुढे केला. तिने पुन्हा भरला. पुन्हा एक घोट. फळीवरचे कप तसेच पालथे होते. ती देईना आणि मी मागेना. असं किती वेळ चाललं असेल कोण जाणे. पातेल्यातला चहा खाली खाली जात होता, आणि राहेलबाईच्या ओठांचा एक कोपरा हळूहळू वर चढत होता.

"झालं का, गुर्जी?" ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी ग्लास पुढे धरला.

"नाही," मी म्हणालो. "आणखी द्या."